निवट्यांना तीन मिनिटं

एमएस्सीचा प्रबंध बांधून झाला, तोंडी परीक्षा झाली, आता सुटले असं वाटत असतानाच विभागाच्या ग्रुपवर मॅडमचा मेसेज आला. प्रत्येकाने आपल्या संशोधनाच्या अनुभवाचा एक छोटा व्हिडिओ करून द्यायचा. तीन मिनिटांच्या वर नको. भाषा कुठलीही चालेल. पुढच्या वर्षी प्रोजेक्ट निवडणाऱ्या मुलांना दाखवायचा आहे, तेव्हा ‘जरा इंटरेस्टिंग करा’. या शेवटच्या सूचनेने माझी अख्खी सुट्टी खाल्ली.

माझा विषय ठाणे खाडीतल्या निवट्या. ज्यांनी निवटी फक्त कालवणात पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगते. हा चिखलात राहणारा मासा. ओहोटीला पाणी सरलं की बाकीचे मासे पाण्याबरोबर निघून जातात, ही मात्र बिळातून वर येते आणि छातीच्या परांवर रेटा देत चिखलभर हिंडते. श्वास ओल्या कातडीतूनही घेते. डोळे डोक्याच्या वर, टपोरे; मधूनमधून ते आत ओढून ओले करून घेते. चिखलावर डायॅटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा तपकिरी साका धरतो, तो ती तोंड डावी-उजवीकडे फिरवत खरवडून खाते आणि जिथून गेली तिथे तशाच अर्धगोल खुणा ठेवते. आपल्या खाड्यांतल्या मोठ्या निवटीचं शास्त्रीय नाव बोलिओफ्थाल्मस डुसुमिएरी. हे नाव न अडखळता म्हणता येईपर्यंत माझा निम्मा अभ्यासक्रम संपला होता.

प्रश्न साधा होता. ऐरोलीच्या बाजूला एक नाला खाडीत येऊन मिळतो. त्याच्या तोंडाशी निवट्यांची बिळं कमी आणि लांब जावं तशी जास्त, असं काही दिसतं का? प्लॅस्टिकच्या पाइपाची एक मीटर बाय एक मीटरची चौकट चिखलावर टाकायची, आतली बिळांची तोंडं मोजायची, वहीत पेन्सिलने लिहायचं (शाई चिखलात टिकत नाही), आणि पुढे सरकायचं. उत्तर काय आलं, तर नाल्याचा ठाम परिणाम दिसला नाही. आकडे इतके वरखाली होते की त्यातून कुठलीच सरळ रेघ निघेना.

“म्हणजे काहीच सापडलं नाही?” धाकट्या भावाने विचारलं. तो इंजिनिअरिंगला आहे आणि आमच्या घरचा अधिकृत एडिटर आहे. गणपतीपासून आत्याच्या साठीपर्यंत सगळे व्हिडिओ त्याच्याच फोनवर जुळतात. परिणाम न दिसणं हाही निष्कर्षच असतो, असं मी त्याला जरा रागानेच सांगितलं.

“असेल ना ताई. पण त्याचा थंबनेल काय करायचा?”

थंबनेलचं उत्तर अर्थात त्याच्याकडे तयार होतं. फ्लेमिंगो. ठाणे खाडी म्हटलं की लोकांना गुलाबी रंगच आठवतो, त्यात त्याची चूक नाही. २०१५ साली खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला, २०२२ मध्ये ठाणे खाडी जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटी सुटतात त्या रोहित पक्षी बघायला. निवट्या बघायला कुणी तिकीट काढल्याचं मी तरी पाहिलं नाही. गंमत म्हणजे लहान रोहित (फ्लेमिंगोची एक जात) आणि निवटी दोघंही याच खाडीतल्या सूक्ष्म शेवाळावर जगतात. एकाला त्यातून गुलाबी पिसं मिळतात, दुसरी चिखलाच्याच रंगाची राहते. भावाचं म्हणणं, पहिल्या तीन सेकंदांत गुलाबी दिसलं नाही तर लोक पुढे सरकवतात. मी म्हटलं, हे माझ्या संशोधनात नाहीतच. तो म्हणाला, खाडीत तर आहेत.

या वादात शेवटी मी जिंकले, पण तो नंतरचा भाग.

पहिली संहिता मी सरळ प्रबंधावरून उचलली. आम्ही कळव्याला रुळांच्या इतके जवळ राहतो की घरातल्या बोलण्यालाही टाइमटेबल आहे, म्हणून शेवटची लोकल गेल्यावर डोक्यावरून गोधडी घेऊन आवाज रेकॉर्ड केला. ‘ओहोटीच्या वेळी नमुना-चौकटींमधील बिळांची गणना करण्यात आली. निरीक्षणांची नोंद घेण्यात आली.’ ऐकलं तर आकाशवाणीच्या बातम्या. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “कोणी केली गं गणना?” ती टोमणा मारत नव्हती, तिला खरंच प्रश्न पडला होता.

प्रबंधात आपण स्वतःला पुसून टाकतो, आणि त्यामागचं कारण मला पटतं. मोजणारी मी आहे की आणखी कुणी, याने आकडा बदलता कामा नये. उद्या कुणीही त्याच ठिकाणी चौकट टाकली तर तिला तेच दिसायला हवं. ही शिस्त शिकायलाच तर दोन वर्षं घालवली. पण मला पुसताना बोळा जरा मोठा फिरतो. माझ्या शेजारी जे उभे होते तेही त्यात जातात. मला होडीतून खाडीत नेणारे काका माझ्या प्रबंधात एकाच ठिकाणी आहेत, आभाराच्या पानावर, ‘स्थानिक मच्छीमारांचे सहकार्य लाभले’ या ओळीत. त्यांचं नाव नाही, होडी नाही, आणि त्यांनी मला जे शिकवलं ते तर मुळीच नाही.

काका दिवागावच्या कोळीवाड्यातले. परवानगीचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा माझ्या फोनमध्ये भरती-ओहोटीचं अ‍ॅप होतं आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. अ‍ॅप सांगायचं ती वेळ मुंबई बंदराची. खाडीत आत यायला पाण्याला वेळ लागतो, हे अ‍ॅपच्या गावी नव्हतं. काकांनी फोनकडे बघितलंच नाही. तिथी विचारली. मला अर्थातच माहीत नव्हती. घरी आईला फोन लावला, तिने कालनिर्णय बघून चतुर्थी सांगितली.

“चारची पाऊनपट किती?”

तीन. म्हणजे तीन वाजता पाणी पुरं भरणार. त्याच्या सहा तास आधी, नऊच्या सुमारास, ओहोटीचा तळ. आपण आत आहोत म्हणून थोडं पुढे. झालं. कुठल्याही तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती बाराला, म्हणजे चिखल उघडा पडणार पहाटे सहाला नाहीतर संध्याकाळी सहाला. अष्टमीला बरोबर उलट: ओहोटी भर दुपारी बाराला, पण तो भांग, म्हणजे कमजोर भरती-ओहोटीचा दिवस, पाणी धड मागे हटतच नाही. उजेडही हवा आणि चिखलही हवा असेल तर तृतीया, चतुर्थी, पंचमी. माझ्या प्रबंधातल्या सगळ्या तारखा या तीन तिथींच्या आसपास आहेत. पद्धतीच्या प्रकरणात मी लिहिलंय, ‘निरीक्षणासाठी सकाळच्या ओहोटीचे दिवस निवडण्यात आले’.

मग एके दिवशी लोकलमध्ये बसून मी या गणिताच्या मागे लागले. पंधरा तिथींची पाऊणपट होते सव्वाअकरा. व्हायला हवेत बारा. चंद्राच्या मागे धावत भरती रोज साधारण ४८ मिनिटांनी पुढे सरकते आणि पाऊण तास म्हणजे ४५. रोजची तीन मिनिटांची तूट पंधरवड्याला पाऊण तास होते. मोठा शोध लागल्यासारखा मी तो काकांना सांगितला. त्यांनी वल्हं न थांबवता ऐकून घेतलं.

“पुनवेला कोन गनित करतं गो? पुनवेला बारा.”

म्हणजे दर पंधरवड्याला हिशेब कोरा होतो आणि तूट पुढे जातच नाही. मोजमाप करणाऱ्या कुठल्याही उपकरणाचा काटा अधूनमधून माहीत असलेल्या आकड्याशी जुळवून घ्यावा लागतो, हे आम्हाला प्रात्यक्षिकाच्या तासाला शिकवतात. इथे चंद्र ते काम करत होता. संहितेत हा प्रसंग आला आणि तिथे पहिल्यांदा माझा आवाज बातम्यांसारखा वाटेनासा झाला. भावाने घड्याळ लावून सांगितलं, चाळीस सेकंद गेली. जाऊ देत म्हटलं.

तीन मिनिटं हा आकडा कुठून आला, हे मी मध्येच शोधून काढलं होतं (व्हिडिओ करायचा टाळण्याची माझी ही पद्धत). पीएचडीच्या विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध तीन मिनिटांत सांगायची स्पर्धा ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ साली सुरू केली. त्या काळात तिथे मोठा दुष्काळ होता आणि अंघोळ तीन मिनिटांत आटपावी म्हणून लोक बाथरूममध्ये अंडी उकडायचं टायमर लावत होते. त्यावरून तिथल्या एका प्राध्यापकांना ही कल्पना सुचली. आपल्याकडे २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, त्यातून अशी काही स्पर्धा निघाल्याचं ऐकिवात नाही. असो. तीन मिनिटांत मराठी बोललं तर दम न लागता पावणेचारशे शब्द बसतात. त्यातले शंभर निवटी म्हणजे काय हे सांगण्यात जातात.

खरी अडचण मात्र शब्दांची नव्हतीच. चिखलात उतरलं की पावलांच्या धक्क्याने आसपासच्या सगळ्या निवट्या बिळात जातात. चौकट टाकली की उरल्यासुरल्याही गडप. मग कुठली बिळं वापरात आहेत हे कळायला गुडघाभर चिखलात न हलता उभं राहावं लागतं. मान वळवायची नाही, डास मारायचा नाही. बऱ्याच वेळाने एखाद्या तोंडाशी दोन डोळे दिसतात, तेवढेच. नंतर आणखी कुठे. मग एखादी अंगभर बाहेर येते, पाठीवरचा पर ताठ उभारते, शेजारणीला दम भरते, आणि बघता बघता पूर्ण चौकट वस्तीला येते. माझ्या संशोधनाचा अनुभव म्हणाल तर तो हा, उभं राहण्याचा. बाकी सगळं एक्सेलमध्ये झालं.

आता हे दाखवायचं कसं? भावाने सुचवलं, टाइमलॅप्स. कल्पना जुनीच आहे. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन आले आणि ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली. रोज थोडं थोडं चित्रण करून कितीतरी दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत. भांडवल देणाऱ्यांना ती दाखवून त्यांनी पैसे उभे केले. म्हणजे फाळक्यांच्याही सिनेमाच्या आधी विज्ञानाचा लघुपट झाला, आणि तोही पैसे मागण्यासाठी. पुढच्या शतकभरातल्या संशोधकांना हे वाचून आपलेपणा वाटावा. पण वाटाणा त्या काळात काहीतरी करत होता. त्याला पानं फुटत होती, तो वर चढत होता. माझ्या चौकटीत ती दहा-पंधरा मिनिटं काहीही घडत नाही, आणि काहीही न घडणं वेगाने दाखवलं तर उरतं काय? आम्ही करून बघितलं. निवट्या बटण दाबल्यासारख्या टुणकन बाहेर आल्या. खोटं काहीच नव्हतं त्यात, तरी सगळं खोटं वाटत होतं.

तोडगा अपघाताने मिळाला. मध्ये एकदा फोन नुसता चालू राहिला होता, रोख आडवा, चित्रात फक्त चिखल आणि वरती तिवरांची रेघ. ते चित्रण टाकून देण्याआधी भावाने हेडफोन लावला आणि म्हणाला, हा आवाज कसला? ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलाला आवाज असतो. बिळांतून पाणी ओसरतं, हवेचे बुडबुडे फुटतात, खेकडे आत-बाहेर करतात. सगळं मिळून, तेल पुरेसं तापलेलं नसताना मोहरी टाकावी तसं काहीतरी बारीक चालू असतं. बोललात तर ऐकू येत नाही. हललात तर जवळपासचा थांबतो. मग हळूहळू परत सुरू होतो, आधी लांबून, नंतर पायाजवळ. तो पायापर्यंत आला की मला कळायचं, आता डोळे दिसतील. हे मी कुठेही लिहिलं नव्हतं, कारण मला स्वतःलाच हे माहीत आहे हे माहीत नव्हतं.

म्हणून व्हिडिओत पंचवीस सेकंद मी गप्प आहे. चौकट, चिखल, आणि जवळ येत जाणारा तो आवाज. संगीत नाही. याच जागेसाठी फ्लेमिंगो गेले. भाऊ दोन दिवस कुरकुरला, पण आवाज स्वच्छ करायचं काम त्यानेच रात्र घालवून केलं. वाऱ्याची घरघर काढायची आणि बुडबुडे ठेवायचे, हे दिसतं तितकं सोपं नाही.

हे सगळं चित्रण करायला आम्हाला परत खाडीत जावं लागलं होतं, कारण काम चालू असताना कुणाच्या हातात फोन असणार? कोपरापर्यंत चिखल असायचा. ट्रायपॉड चिखलात रुतत होता, तेव्हा त्याच्या तिन्ही पायांखाली काकूंच्या घरातल्या जुन्या ताटल्या ठेवल्या. माइकला रजईतला कापूस गुंडाळला. भाऊ होडीतून ‘अ‍ॅक्शन’ म्हणाला की मी होडीतून उतरायचं, काकांनीही उतरून चौकट हातात द्यायची. एकदा झालं. दुसऱ्यांदा सूर्य कॅमेऱ्यात आला म्हणून परत. तेव्हा काका म्हणाले,

“आता परत उतरू? पाय धुतलं ना मी.”

हे वाक्य व्हिडिओत आहे. कॉलेजच्या सभागृहात सगळ्यात मोठा हशा यालाच पडला.

संपलेलं संशोधन पुन्हा करून दाखवण्यात काहीतरी नाटकीपणा आहे, हे मला आधीपासून खुपत होतं. पण तिथे उभी राहिले आणि एक गोष्ट लक्षात आली. चालण्याचा, उतरण्याचा, वहीत लिहिण्याचा अभिनय जमतो. मोजण्याचा जमत नाही. समोर चौकट आली की डोळे आपोआप डाव्या वरच्या कोपऱ्यातून सुरुवात करतात आणि ओळीने खाली येतात, ओठ हलतात, शेवटी एक आकडा हातात येतो. त्या सकाळचे आकडे प्रबंधात नाहीत, पण वहीत आहेत.

निष्कर्षाला शेवटची वीस सेकंदं मिळाली. मी सरळ सांगितलं: नाल्याजवळ बिळं कमी असतील असं वाटलं होतं, तसं ठामपणे दिसलं नाही, का, ते अजून कळलेलं नाही. मॅडमना वाटत होतं की शेवट थोडा सकारात्मक असावा. मुलं घाबरतील. त्यांची काळजी मला समजते. त्यांना दर वर्षी खाडीत उतरायला तयार असलेलं कुणीतरी शोधावं लागतं. पण ज्या मुलाला पहिल्याच दिवशी शोध लागणार असं वाटतंय, त्याने घाबरलेलं बरं, असं माझं मत होतं आणि आहे. मॅडमनी ते तसंच राहू दिलं.

दाखवून झाल्यावर मुलांनी प्रश्न विचारले ते असे: पाय कुठपर्यंत जातो, गमबूट चालतात का (नाहीत, बूट चिखलातच राहतात आणि पाय तेवढा वर येतो), वास किती दिवसांनी जातो. एका मुलीने सगळे पांगल्यावर हळूच विचारलं, चार-चार तास होडीत असताना बाथरूमचं काय. हे तर व्हिडिओत यायलाच हवं होतं. तिला मी सगळं सविस्तर सांगितलं, किती वाजल्यापासून पाणी प्यायचं नाही आणि जेट्टीजवळ कुणाचं घर उघडं असतं, तेसुद्धा.

काकांच्या पुतण्याने व्हिडिओ कोळीवाड्याच्या ग्रुपवर टाकला. तिथून मला आलेल्या व्हॉइस मेसेजांपैकी बहुतेक निवट्या साफ कशा करायच्या यावर होते, राख लावून की मीठ लावून. एक मात्र वेगळा होता. आवाज एका वयस्कर मावशींचा, मागे भांडी वाजत होती. त्या म्हणाल्या, पोरी, निवटी धरताना आम्ही एका भोकावर पाय देतो आनि दुसऱ्यात हात घालतो. भोकं दोन, निवटी एकच. तू भोकं मोजली, मंग निवट्या दुप्पट नाय झाल्या?

प्रबंधात मर्यादांच्या परिच्छेदात एक ओळ आहे, ‘बिळांच्या तोंडांची संख्या म्हणजे माशांची संख्या नव्हे’. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिच्यावर बोटही ठेवलं नव्हतं. आणि मावशींचा प्रश्न त्या ओळीच्या बराच पुढे जातो. एका निवटीची तोंडं सगळीकडे सारखीच असतील तर काही बिघडत नाही, तुलना तशीच राहते. पण नाल्याजवळच्या सैल, काळ्या चिखलात एका निवटीला तीन तोंडं लागत असतील आणि लांबच्या घट्ट चिखलात दोनच? मग तोंडं सारखी दिसतील आणि निवट्या मात्र कमी असतील. म्हणजे माझी न निघालेली रेघ कदाचित तिथेच आहे, खाली.

बाथरूमचं विचारणाऱ्या मुलीने हाच विषय घेतलाय. बिळात रेझिन ओतून ते घट्ट झाल्यावर साचा खणून काढायचा, ही त्याची पुस्तकातली पद्धत आहे. रेझिन महाग आहे आणि खणताना बिळातल्या रहिवाशाचं काय होतं हे सांगायला नको. मावशींचा हात स्वस्त आहे आणि पकडलेली निवटी परत सोडता येते, जर त्यांनी ती सोडू दिली तर. त्या यायला तयार आहेत, तृतीयेला की चतुर्थीला एवढंच ठरायचंय. पैशांचं मीच बोलले. कॉलेजच्या खर्चाच्या फॉर्मवर रसायनं, काचसामान, प्रवास आणि झेरॉक्स असे चार रकाने आहेत. मावशींची मजुरी सध्या आम्ही प्रवासात टाकली आहे.